बागेत बसलेला चोर

१६ ऑगस्ट १९८७, रविवार

मीनाचं पत्र परवाच आलं होतं. आज पुन्हा वाचलं. आठ वर्षांपूर्वी माझ्या भूगोलाच्या तासाला बसणारी मीना आता लग्न होऊन नागपूरला असते. तिचा नवरा हेमंत पुठ्ठ्याचे खेळ छापतो. लुडो, सापशिडी असे. मुंबईला गेला असताना त्यानं एका दुकानात टीव्हीच्या पडद्यावर खेळायचा खेळ पाहिला. नाणं टाकायचं आणि चोराची गाडी पळवायची, मागे पोलिसांची गाडी. खेळ आवडला, पण रागही आला म्हणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं दिसतात, पण दारं नुसती रंगवलेली. गाडी गल्लीत वळत नाही, चोराला खाली उतरता येत नाही. हेमंतला पुठ्ठ्यावर असा खेळ हवा आहे, ज्यात चोराला गावात कुठेही जाता येईल. "बाई, तुमच्यासारखा गावाचा नकाशा कुणी काढत नाही," मीनानं लिहिलं आहे. मार्चच्या आत हवा, उन्हाळ्याच्या सुट्टीत विकायला.

तिला आमच्या घरचं माहीत नसावं. किंवा माहीत असेल आणि म्हणूनच हे काम दिलं असेल.

हे घरातून निघून गेले त्याला अकरा आठवडे होऊन गेले. लोधीखेड्याच्या रस्त्यावर ह्यांच्या जीपखाली चिंधू नावाचा राखणदार आला. सायकलवर होता. हे थांबले नाहीत. जीप सौंसरच्या बस स्टँडवर उभी केली, किल्ली पानठेल्यावर ठेवली आणि गेले. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. चिंधू दुसऱ्या दिवशी वारला.

मी शाळेत जाते, शिकवते, घरी येते. मला काही वाटत नाही. हे लिहून ठेवते, कारण लोकांना वाटतं की मी नुसतं दाखवत नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार

मीनाला हो कळवलं. ड्रॉइंग शीटवर गाव काढलं. एका टोकाला रेल्वे स्टेशन, मध्ये नदी आणि पूल, पुलापलीकडे गुजरीचा भाजीबाजार, संत्र्यांची मंडी, ठाणं. पुढे सौंसरचा स्टँड, छोटी लाईन म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, मोहगावच्या बागा, लोधीखेड्याचा रस्ता. पांढुर्णा आणि सौंसर, दोन गावांचं एकच गाव करून टाकलं आणि नाव काही दिलं नाही. रस्त्यांवर ठिपके काढले, फासा टाकून त्यांवर चालायचं.

चोर काळा, शिपाई लाल, गावकरी पांढरे. चोरानं तीस चाली निभावल्या की तो जिंकला. शिपायानं गाठलं की हरला. बागेत झाडं दाट, म्हणून शिपायाला आत शिरायला लागोपाठ दोनदा सहा पडायला हवेत. हेमंतची एक अट आहे. चोराची गाडी गावकऱ्यावर आली की गावकऱ्याची सोंगटी उचलून डब्यात टाकायची. मुंबईच्या खेळात तसंच आहे. माणूस गाडीखाली आला की दिसेनासा होतो आणि गाडी पुढे जाते.

मी तसंच लिहून घेतलं.

२३ ऑगस्ट, रविवार

छायाताई सौंसरहून आल्या. ह्यांनी पहिल्यांदा तिकडे संत्र्यांची बाग ठेक्यानं घेतली, तेव्हा ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या घरच्या ह्या. नवरा लवकर गेला, शिवणाचा क्लास चालवतात. ह्यांना दादा म्हणतात, मला वहिनी. हे गेल्यापासून दर दोन-तीन रविवारी माझ्याकडे येतात. राखीला मात्र आल्या नव्हत्या. मोहगावला काम निघालं होतं.

पहिला डाव त्यांच्याबरोबर खेळले. कागदावर सगळं नीट वाटत होतं, खेळायला बसलो आणि भोकं दिसायला लागली.

"वहिनी, छोटी लाईनची गाडी तुम्ही दोन ठिपके चालवून राहिल्या, आणि शिपाई पायी तीन. म्हणजे शिपाई चालत जाऊन गाडी पकडते?"

"चुकलंच ते."

"चुकलं काऊन? आपली गाडी तशीच आहे. मी रामाकोन्याला उतरून पेरू घेऊन त्याच गाडीत पुन्हा चढली होती."

मग पुलावर चोर आणि शिपाई समोरासमोर आले. मागे कुणी हटायचं हे मी लिहिलंच नव्हतं. दोघी तिथेच अडकलो. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक चालते तसंच झालं हे," त्या म्हणाल्या. "ना हे हटत, ना ते." मी हसले. हसण्याचा आवाज घरात वेगळाच वाटला.

३० ऑगस्ट, रविवार

हवालदार भगवंतराव आले. ड्यूटी सौंसर ठाण्यात आणि घर इथं पांढुर्ण्यात, म्हणून आमच्याकडची चौकशी त्यांच्याकडे. दर पंधरा दिवसांनी येतात आणि तेच तीन प्रश्न विचारतात. पत्र आलं का? कुणी निरोप आणला का? नातेवाईक कोण कोण? तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. ह्यांना आईवडील नाहीत, भाऊ नाही, बहीण नाही, मूलबाळ नाही. तरी विचारतात.

आज वही मिटताना त्यांचं लक्ष पटाकडे गेलं. "हे काय करून राहिल्या बाई?"

सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लाल सोंगटी उचलली. फासा टाकला, एक पडला.

"फाशानं चालतात का पोलीस? डिझेल असलं तर चालतात, नसलं तर बसतात."

दहाव्या चालीत माझा चोर लोधीखेड्याच्या रस्त्यावर एका पांढऱ्या सोंगटीवर आला. मी ती उचलून डब्यात टाकली.

"हा कुठं गेला?"

"डब्यात."

"डब्यात! पंचनामा नाही, काई नाही?"

"नियमच तसा आहे."

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. मग फासा माझ्याकडे सरकवला. "बराय. तुमची पाळी."

८ सप्टेंबर, मंगळवार

शाळेत सहामाहीचे पेपर काढले. दुसरं काही नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नव्हतं. चव घेऊनही कळलं नाही. तशीच खाल्ली.

२० सप्टेंबर, रविवार

आज मोठा दोष सापडला. छायाताई नेहमी चोर होतात आणि नेहमी एकच करतात. मंडी नाही, स्टेशन नाही, सरळ मोहगावच्या बागेत जाऊन बसतात. तीस चाली तिथेच. शिपायाला लागोपाठ दोनदा सहा कधी पडणार? मी बागेच्या कडेनं फिरत राहते.

"अहो, जरा बाहेर तर निघा. सगळं गाव पडलंय."

"कायले निघू? इथं मस्त आहे. विहीर आहे, सावली आहे, वरच्या अंगाला राखणदाराची झोपडी आहे. कुत्रं सुद्धा भुंकत नाही."

"झोपडी मी कुठे काढली आहे?"

त्यांनी पटाकडे पाहिलं. "असंल म्हटलं. बाग म्हटली की असतेच."

मी पेन्सिलनं झोपडी काढली. बरी दिसते. पण खेळ मेला तो मेलाच.

२७ सप्टेंबर, रविवार

भगवंतरावांपुढे दोष मांडला. त्यांना हे असलं फार आवडतं. पुढे वाकून बसले.

"बाई, हा तुमचा चोर बागेत खाते काय? संत्रीच? ती तर अजून हिरवी आहेत. त्याले पोळी कोण नेऊन देते?"

"खेळात खाण्याचं काही नाही."

"तेच चुकून राहिलं. आणि दुसरं. त्याचं घर कुठं आहे पटावर? सगळ्या गावाले घरं आहेत, चोरालेच नाही. आमी चोराच्या मागं धावत नाही बाई. त्याच्या घरासमोर बसतो. आज ना उद्या येते."

मला इतके दिवस वाटत होतं की ते चहासाठी थांबतात.

जाताना दारात उभे राहून म्हणाले, "ह्या कलमात जामीन होते बाई. पळाचं कामच नव्हतं. लोकं मारतीन म्हणून त्या दिवशी पळाले असतीन, समजते. पण मग ठाण्यात याचं होतं." मग म्हणाले, "ती चिंधूची बायको, अंबाबाई. दर सोमवारी ठाण्यात येते. बाकावर बसते. काई विचारत नाही. बसच्या टायमाले उठून जाते."

मी त्यांना पायरी दाखवली. "सांभाळून जा, पायरी निसटली आहे," असं म्हटलं.

११ ऑक्टोबर, रविवार

छायाताई उभ्या उभ्या आल्या, खेळायला बसल्या नाहीत. ह्यांचं जुनं तपकिरी स्वेटर मागितलं. पुतण्या मोहगावला बाग राखतो, पहाटे थंडी वाजते म्हणाल्या. कोपराला विरलेलं होतं ते रफू करून दिलं. पुतण्या एवढासा आहे, त्याला ते ढगळ होईल असं म्हटलं. "अंगात घातलं की बसते बरोबर," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता पिशवीत घातलं.

हे कुठे असतील हे मी छायाताईंना कधी विचारत नाही. त्यांना माहीत असतं तर त्यांनी सांगितलं असतं. आणि मला माहीत झालं असतं तर भगवंतरावांच्या पहिल्याच प्रश्नाला मी सांगून मोकळी झाले असते.

१८ ऑक्टोबर, रविवार

बागेचा दोष सुटला. सणाचे पत्ते केले. दर पाच चालींनी एक उचलायचा. पोळा: रस्त्यात बैल, शिपायाची एक पाळी जाईल. बाजार: गर्दी, कुणीच पळू नये. असे बारा. त्यातला एक चोराला बागेबाहेर काढायला. भाऊबीज: चोर जिथे असेल तिथून त्यानं बहिणीकडे जावं. बहिणीचं घरही काढलं, सौंसरच्या स्टँडमागे, दारात पारिजातक.

भगवंतराव आले तेव्हा मी पत्ते कापत होते. मी चोर, ते शिपाई. पंधराव्या चालीला नेमका तोच पत्ता त्यांच्या हातात आला. त्यांनी दोनदा वाचला.

"नाही जमत बाई. इतका पागल असते का चोर? बागेत आरामात बसला आहे, आन् एका ओवाळणीसाठी बाहेर निघन?"

"निघतो. सणाला निघतो."

"आन् त्याले बहीणच नसली तर? पत्ता फुकट."

"सख्खी नसली तरी असते कुणीतरी. आता आमच्याकडेच बघा ना. ह्यांना कुठे बहीण आहे? पण सतरा वर्षांत एक भाऊबीज चुकली नाही. एकदा अंगात ताप होता, तरी बसनं सौंसरला जाऊन छायाताईंच्या पाटावर बसलेच. मी म्हटलं, उद्या गेलात तर नाही का चालणार? तर म्हणाले, ती ताट वाढून बसली असंल."

मी बोलतच होते. खेळाबद्दल असलं की मला बोलता येतं.

भगवंतरावांनी पत्ता पटावर ठेवला. माझी काळी सोंगटी त्यांनीच बागेतून उचलली आणि पारिजातकाच्या घरात नेऊन ठेवली. थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"मग बरोबर आहे," म्हणाले. "आता संपते हा खेळ."

चहा अर्धा ठेवून गेले. आज तीन प्रश्न विचारलेच नाहीत. मला बरं वाटलं. महिनाभर अडलेली गोष्ट सुटली.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. दारात एक पणती लावली. शेजारच्या इंदूनं करंज्या आणून दिल्या. चांगल्या होत्या असं तिला सांगितलं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज. मला भाऊ नाही, त्यामुळे आजचा दिवस मोकळाच. पटाच्या कडांना निळी कापडी पट्टी चिकटवली. मीनाला पत्र लिहिलं. खेळ तयार होत आला, चोर आता बागेत बसून राहत नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

छायाताई पहिल्या बसनं आल्या. कालचीच साडी अंगावर होती, जरीकाठी. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "वहिनी, दादाला नेलं."

कुठून, असं मी विचारलं. काल बारा वाजता, त्यांच्याच घरून. मोहगावहून मागच्या शेतातल्या पांदणीनं आले होते. पाटावर बसले, ओवाळून झालं, ताट वाढलं, पहिला घास हातात होता.

"पाच महिने मी कोणाला समजू दिलं नाही. दिवसाआड डबा नेला. तुम्हालाही बोलली नाही वहिनी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणून. दादानंच सांगितलं होतं, नलूला सांगू नको." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "दरवाजात तो भगवंतराव. मी म्हटलं, इथं कसे आले तुम्ही? तर म्हणते, बाईनं बरोबर सांगितलं होतं. कोणत्या बाईनं, वहिनी?"

पट समोरच होता. पत्ते बाजूला रचलेले. त्यांनी वरचे दोन-तीन चाळले आणि तो हाती लागला. मग त्यांनी पटावरचं घर पाहिलं. पारिजातक पाहिला.

"हे कोणी काढलं?"

"मी."

त्यांनी पत्ता पालथा ठेवला. "माझ्या दाराचं झाड आहे हे," एवढंच म्हणाल्या.

मग रडल्या. मी पाणी आणून दिलं. स्वेटर ह्यांच्याच अंगात होतं, असं मध्येच सांगितलं. मला तेव्हा सगळं ओळीनं दिसलं. झोपडी, विहीर, न भुंकणारं कुत्रं. बागेत शिरायला दोनदा सहा पडावे लागतात. भगवंतरावांना एकाही सहाची गरज पडली नाही.

पत्ता मी लिहिला हे खरं. लिहिताना मला कळत नव्हतं, हेही खरं असावं. असावं, एवढंच लिहू शकते.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

काल सौंसरला जाऊन डबा देऊन आले. भेट झाली नाही, डबा आत गेला.

आज भगवंतराव आले. वर्दी नव्हती, वही नव्हती. पायरीवरच बसले, चहा नको म्हणाले.

"मी पारिजातकाखाली उभा होतो बाई. ताट ओवाळलं, टिळा लावला, दिवा खाली ठेवला. तेवढं होऊ दिलं. मग आत गेलो."

"जेवण होईपर्यंत का नाही थांबलात?"

"जेवून निघाले असते तर?"

हे बरोबरच होतं. खेळात मीही तेच म्हटलं असतं.

मग ते म्हणाले, "ह्या सोमवारी अंबाबाई आली होती. तिले सांगितलं, माणूस पकडला. वाटलं, खूश होईन. तिनं एकच विचारलं. पाच महिन्यांत पयल्यांदा तोंड उघडलं. म्हणे, जीप थांबली होती का? मी म्हटलं, नाही बाई. मग बसच्या टायमाले उठून गेली."

ते गेल्यावर मी डबा उघडला. पांढऱ्या सोंगट्या तळाशी होत्या. इतक्या डावांत मी त्या मोजूनही कधी पाहिल्या नव्हत्या. दुसरे दोष शोधत बसले. गाडी हळू चालते, पुलावर अडतं, चोर बागेत बसतो. आणि हे पहिल्या दिवसापासून नियमातच लिहिलेलं होतं, मी स्वतःच्या हातानं.

१ नोव्हेंबर, रविवार

हेमंतची अट काढून टाकली. नवीन नियम लिहिला. गाडीखाली आलेली सोंगटी डब्यात टाकू नये, त्याच ठिपक्यावर आडवी ठेवावी. ती उचलू नये. त्या रस्त्यानं जाणाऱ्यानं, मग तो चोर असो की शिपाई, तिथे थांबून एक पाळी सोडावी.

असं केलं तर खेळ रेंगाळतो. एकटीनंच दोन्ही बाजूंनी खेळून पाहिला. काही चालींनंतर लोधीखेड्याचा रस्ता जवळजवळ बंदच होतो. हेमंत हे छापणार नाही. पत्र तसंच पाठवलं.

भाऊबिजेचा पत्ता फाडला नाही. खाली एक ओळ वाढवली: शिपायानं जेवण होईपर्यंत थांबावं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

काल जामीन झाला. छायाताई आणि मी दोघी जिल्ह्याच्या कोर्टात गेलो होतो. बसमध्ये हे आमच्या दोघींच्या मध्ये बसले. वाळले आहेत. दाढी पांढरी आली आहे. अंगात तेच स्वेटर, मी रफू केलेलं कोपर माझ्या बाजूला. लोधीखेड्याच्या रस्त्याचा फाटा आला तेव्हा छायाताईंनी मुद्दाम मोठ्यानं काहीतरी विचारलं. सौंसरला छायाताई उतरल्या. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागानं की कशानं ते समजलं नाही.

आज मी शाळेतून आले तर हे बैठकीत पटासमोर बसले होते. सकाळी मांडून ठेवलेला डाव तसाच होता.

"हे काय बनवलंस?"

"खेळ आहे. मीनाच्या नवऱ्यासाठी."

"गाव आपलंच आहे."

"हो."

त्यांनी बोटानं रस्ता धरला. मंडी, स्टँड, मोहगावची बाग, झोपडी. झोपडीवर बोट थांबलं. कुणी सांगितलं, असं विचारतील असं वाटलं. विचारलं नाही. काळी सोंगटी उचलली, फासा टाकला. पाच पडले.

बागेतून बाहेर निघून ते लोधीखेड्याच्या रस्त्याला लागले. एक. दोन. तिसऱ्या ठिपक्यावर पांढरी सोंगटी आडवी होती.

"ही पडली आहे," म्हणाले, आणि उभी करायला हात पुढे केला.

"राहू द्या. ती तशीच असते."

"किती वेळ?"

"खेळ संपेपर्यंत. तिथे थांबायचं असतं."

हात तसाच वर राहिला. काळी सोंगटी दोन बोटांत धरलेली. शेजारी इंदूकडे रेडिओवर बातम्या लागल्या, संपल्या. मी पर्स खुंटीला लावली, हात-पाय धुतले, स्टोव्हवर चहा ठेवला, दोन कप घेऊन परत आले.

सोंगटी आता पटावर होती. पांढरीच्या शेजारी, त्याच ठिपक्यावर, कडेला सरकवून ठेवलेली. उरलेले दोन ठिपके ते चालले नव्हते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, स्वेटरची पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.

मी चहा खाली ठेवला आणि समोर बसले. फाशाला हात लावला नाही. पाळी माझी नव्हती.